घरी बांधलेल्या लाकडी होडीत बसायच्या फळ्या नेमक्या कुठं टाकाव्यात? (माजलगाव बॅकवॉटर)

सिंदफणाकाठ
राम राम मंडळी. आमचं अर्धं रान सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणाच्या पलीकडच्या अंगाला हाय. पाणी फुगलं की रस्त्यानं लै मोठा फेरा पडतो, मनून यंदा उन्हाळ्यात घरीच होडी बांधायला घेतली. आता खोकं उभं राहिलंय पण फळ्यांवर येऊन काम थांबलंय कारण घरात तीन मतं झालीत.

माप असं हाय. लांबी १२ फूट, पुढं टोकदार, मागं सपाट फळी मारलीय, बूड सपाट. मधोमध वरून ४ फूट रुंद. बुडाला ९ एमएम अन् बाजूंना ६ एमएम मरीन प्लाय (आयएस ७१० शिक्क्याचा). आतून बाभळीच्या तीन फ्रेमा, पुढच्या टोकापासून ३, ६ अन् ९ फुटावर. मध्यात आतली उंची १६ इंच.

बापू मनतेत एक फळी बरोबर मधल्या फ्रेमवर अन् एक मागं, संपला विषय. सुतारमामा मनतोय तीन फ्रेमा हायेत तर तीन फळ्या टाक, अन् १४ इंच उंच ठेव मनजे खुर्चीवानी पाय सोडून बसता येतंय. मला दोन्ही पटंना. मी ७० किलोचा, बऱ्याचदा एकटाच जाणार. कधी मागं आई बसंल, ती ६० किलो धरा. कधी परत येताना गवताचा भारा. तिघं क्वचित. कुणी अशी होडी वल्हवली असंल तर सांगा.

गोदामाय
१४ इंच?? मामांना सांगा होडीत बसायचंय, माडीवर नाही. १६ इंचाच्या काठात १४ वर बसलं तर काठ कंबरेच्याही खाली येतोय, जरा कलली की माणूस थेट सिंदफणेत.

वल्हेकरी
मी नांदेडचा, पण कॉलेज मुंबईला झालं आणि तिथं एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये व्हेलर (बऱ्याच जणांनी वल्हवायची मोठी होडी) ओढलीय, त्यामुळं थोडंफार सांगू शकतो.

दादा, तुम्ही फळी कुठं टाकायची असं विचारताय पण एकटी फळी ठरवता येत नाही. फळी, वल्ह्याची खुंटी (काठावर वल्हं जिच्यात टेकून फिरतं ती) आणि पाय रेटायची दांडी हा एकच संच असतो, एक हलवलं की बाकी दोन्ही हलतात. फ्रेम सोयीची आहे म्हणून फळी तिथं टाकली आणि मग खुंटी जिथं जमेल तिथं ठोकली की जन्मभर पाठ दुखते.

वल्हवणारा मागं तोंड करून बसतो, त्याची पाठ होडीच्या टोकाकडं. म्हणजे त्याच्या समोरची बाजू ही होडीची मागची बाजू. आता फळीची मागची कड (जिथून मांड्या बाहेर येतात ती) धरा आणि तिथून अजून मागं १२ इंचावर खुंटीचा मध्य. हे ढोबळ माप आहे, बुटक्या माणसाला १० ते ११, उंच माणसाला १३ पर्यंत जातं. खुंटी जवळ आली तर वल्हं होडीला काटकोनात येईस्तोवरच मूठ पोटाला टेकते, ओढायला जागाच उरत नाही. लांब गेली तर उलटं, मूठ पोटापर्यंत छान येते पण सुरुवातीला हात पुरत नाहीत आणि अर्धा ओढा वाया जातो.

उंचीचं सांगतो. ती बुडापासून मोजू नका, खुंटीपासून खाली मोजा. खुंटीत वल्हं जिथं टेकतं तिथून फळीचा वरचा पृष्ठभाग ८ इंच खाली, ७ ते ९ मध्ये काहीही चालेल. वल्हं पाण्याबाहेर काढताना मूठ खाली दाबावी लागते ना, अंतर कमी असलं की ती मांडीवर आपटते. लाटा असल्या की अजूनच. आणि फार जास्त ठेवलं तर हात खांद्याच्या उंचीला जातात, तिथं ताकद लागत नाही. तुमचा काठ १६, त्यावर खुंटीचा ठोकळा २ इंच धरला तर १८. म्हणजे फळी १० इंचावर. मामांच्या १४ ला मूठ आणि मांडी यात ४ इंच राहतात, बसा मग मांड्या चोळत.

सिंदफणाकाठ
मनजे ठोकळा आणखी उंच केला तर फळी पण उंच चालंल का? मामा ऐकंना म्हणून विचारायलो.

वल्हेकरी
चालेल पण कशाला. माणूस जितका उंच तितकी होडी डुगडुगती. आणि १० इंचावर बसून पाय लांब सोडायचे असतात, खुर्चीसारखे खाली सोडायचे नसतातच. वल्हवायची निम्मी ताकद पायातून येते.

नाथसागर_पैठण
आमच्या घरात मासेमारी, तीन पिढ्या. पैली गोदावरी, जायकवाडी झाल्यापासून नाथसागर. खरं सांगू का, आमच्याकडं असं मागं तोंड करून कुणी बसत नाय. थर्माकोलचा तराफा नायतर टूब, अन् हातात आखूड चप्पू, तोंड पुढं. जाळं टाकायला तेच बरं पडतंय, दिसतंय कुठं चाललो ते. पण दादाला पल्याड जायचंय भारा घेऊन, तिथं लांब वल्ह्याला तोड नाय हे मान्य.

मी एवडंच सांगतो की वजन कुठं बसतंय त्याकडं बघा. बैलगाडीत माल मागं जास्त भरला की गाडी उलाळ होती, पुढं भरला की जू बैलाच्या मानंवर बसतं. होडीचं बी तेच हाय. मागं जड झाली की मागची सपाट फळी पाणी ओढत चालती, कितीबी मारा वल्हं, पुढं सरकंना. वरून नाक उचललेलं आसतं, समोरून वारं आलं की नाक धरून फिरवतंय. अन् पुढं जड झाली तर अजून वाईट, नाक पाण्यात रुततं अन् मागचं शेपूट इकडं तिकडं पळतं, सरळ जायचं नाव नाय. उन्हाळ्यात दुपारनंतर नाथसागरावर वारं उठतंय तवा हे समदं कळतं. माजलगावला पसारा कमी हाय पण वारं वारंच.

रानफूल
नमस्कार, मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बसून मी होडीचा धागा वाचतेय, गंमतच आहे :)

नाथसागर दादांनी उलाळचं जे सांगितलं त्याचं गणित करून बघू. होडी रिकामी असताना पाण्यात सपाट बसते असं धरू. पाण्याचा वर ढकलणारा जोर, म्हणजे प्लावक बल, एका बिंदूत लागतं असं मानता येतं. तुमची होडी पुढं निमुळती आणि मागं रुंद आहे त्यामुळं तो बिंदू अगदी मध्यावर न येता थोडा मागं असणार. पुढच्या टोकापासून साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच धरते. हा अंदाज आहे, खरा आकडा होडी पाण्यात टाकली की कळेल.

एकटे असाल तेव्हा तुमचं वजन या ७८ च्या आसपास पडायला हवं. पाय मागं पसरून बसलेल्या माणसाचं वजन साधारण फळीच्या मागच्या कडेपाशी पडतं. म्हणजे फळीची मागची कड ७६ ते ७८. फळी १० इंच रुंद केली तर ती ६६ ते ७६ मध्ये बसेल. म्हणजे बापूंचा अंदाज एकट्या माणसापुरता बरोबरच आहे, ७२ वरची मधली फ्रेम फळीखालीच येते.

आता आई मागं बसल्या. त्यांचं तोंड पुढं, पाय पुढं, वजन पडलं समजा १२० इंचावर. ७८ पासून ४२ इंच मागं. ६० गुणिले ४२ म्हणजे २५२०. हे तुम्ही ७० किलोंनी तोलायचं तर २५२० भागिले ७०, बरोबर ३६ इंच. म्हणजे तुम्ही ७८ वरून ३६ इंच पुढं सरकायला हवं, ४२ वर. साडेतीन फूट! मधल्या फळीवरच बसून राहिलात तर होडी उलाळ होणारच.

म्हणून वल्हवायच्या जागा दोन हव्यात, एकट्यासाठी मधली आणि मागं कुणी असेल तेव्हा पुढची. खुंट्यांच्या जोड्याही दोन.

सिंदफणाकाठ
ताई मानलं तुम्हाला. अन् आई मागं, मी मधी, अन् पुढं गवताचा भारा असं असलं तर?

रानफूल
तुम्ही ७८ च्या जवळ आहात त्यामुळं तुमचा परिणाम जवळपास शून्य. मग आईंच्या २५२० ला फक्त भाऱ्यानं तोलायचं. भारा ३६ इंचावर ठेवला तर तोही ७८ पासून ४२ इंच पुढं, म्हणजे भाराही ६० किलोच हवा. हलका असेल तर अजून पुढं सरकवा, किंवा आईंना थोडं पुढं बसवा. ओलं गवत वाटतं त्यापेक्षा जड असतं हे वेगळं सांगायला नको.

उदगीरचा_रंधा
मी सुतार. फर्निचरच करतो जास्त, पण बापाच्या हाताखाली बैलगाड्या केल्यात. गणित बरोबर असंल ताईंचं पण तुम्ही सगळे एक विसरायलेत. फळी फक्त बसायला नसती. ती दोन्ही बाजूंना धरून ठेवती. ६ एमएमच्या बाजू हायेत, वल्ह्याचा झटका खुंटीवर येतो, खुंटी काठावर, काठ आत-बाहेर हालतो. फळी फ्रेमला घट्ट बसली की ते हालणं थांबतं. मामा फ्रेमवर फळी टाक मनतोय ते उगं नाय मनत.

वल्हेकरी
रंधा भाऊ बरोबर आहे हे, मी लिहायचं राहूनच गेलं. पण मग एक अडचण बघा. पुढच्या जागी बसायचं तर फळीची मागची कड ४२ वर. पाय टेकतात कडेपासून २६ ते २८ इंच लांब, म्हणजे ६८ ते ७०. आणि मधली फळी ६६ ते ७६. म्हणजे पाय नेमके मधल्या फळीखाली! १० इंच उंचीखाली चवडे उभे राहणार नाहीत, प्रत्येक ओढ्याला नडग्या कडेवर घासणार.

गोदामाय
नडगीला फळी लागली की जी शिवी निघती ती पलीकडच्या काठावर ऐकू जाती, अनुभव आहे (होडीचा नाही, बाजेचा)

उदगीरचा_रंधा
मग मधली फळी सुटी करा. मागची पक्की, पुढची पक्की, मधली काढता-घालता येईल अशी. पण मग मधल्या फ्रेमला जोर द्यावा लागंल. असं करा, काठाच्या आतून पुढपासून मागपर्यंत एक पट्टी फिरवा, इंचभर बाय दीड, सागवान नायतर कुठलंबी सरळ रेषेचं लाकूड. मधल्या फ्रेमच्या बुडाकडच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूला प्लायचे त्रिकोण मारा चांगले मोठे, गोंद लावून. मग फळी नसली तरी बाजू उघडणार नाय.

अन् मधली फळी टेकायला दोन्ही बाजूंना आतून लांबलचक आडवी पट्टी घ्या, नुसते दोन ठोकळे मारू नका. पट्टीवर फळी मागं-पुढं सरकवता येती. जागा पक्की झाली की फळीच्या टोकाला भोक पाडून खाली पट्टीत लाकडी खुंटी घाला. फळी १ इंच जाड असली तर पट्टीचा वरचा भाग ९ इंचावर, मनजे फळी १० वर येती.

नाथसागर_पैठण
हे पटलं. सरकती ठेवा. आकडे कितीबी काढा, पाण्यात टाकल्यावर होडी आपलं खरं करती.

किनवटची_वाट
मला एक शंका. पुढं तोंड करून बसायचं आणि वल्हं ओढण्याऐवजी ढकलायचं, असं नाही का चालत? मला तर मागं तोंड करून जायचं म्हणजे भीतीच वाटेल.

वल्हेकरी
चालतं, काठाजवळ किंवा झुडपातून वाट काढताना आम्ही तसंच करायचो. पण ताकद निम्मी. ओढताना पाठ, पाय सगळं लागतं, ढकलताना फक्त हात आणि पोट. लांब जायचं असेल तर ओढणंच. मागं तोंड असलं तरी निघालेल्या काठावरचं एक झाड आणि त्यामागची एक खूण एका रेषेत धरून ठेवायची, होडी सरळ जाते. आणि अधूनमधून मान वळवून बघायचंच, जाळी असतात लोकांची.

नाथसागर_पैठण
जाळ्याचं आवर्जून सांगतो, बाटलीचा बोया दिसला की लांबून जायचं. वल्ह्यात जाळं अडकलं की ज्याचं जाळं त्याचं नुकसान अन् तुमचं भांडण.

सिंदफणाकाठ
वल्ह्यांचं माप कुणी सांगा की. मामा मनतोय ६ फूट बास.

वल्हेकरी
अमेरिकेत शॉ अँड टेनी नावाचा वल्ही बनवणारा जुना कारखाना आहे, १८५८ पासूनचा, त्यांचं सूत्र वापरतात सगळे. दोन खुंट्यांमधलं अंतर इंचात घ्या, निम्मं करा, त्यात २ मिळवा. हे झालं खुंटीच्या आतल्या भागाचं माप. याला २५ नं गुणा आणि ७ नं भागा, की पूर्ण वल्ह्याची लांबी, मग वरच्या सहा इंचाच्या टप्प्याला न्यायची.

मधल्या खुंट्या जिथं येतील तिथं रुंदी किती आहे तुमची?

सिंदफणाकाठ
४६ इंच.

वल्हेकरी
४६ चे निम्मे २३, अधिक २, झाले २५. गुणिले २५ म्हणजे ६२५, भागिले ७ म्हणजे ८९ आणि थोडं. ९० करा, साडेसात फूट. ६ फुटाची वल्ही घेतली तर पाणी नुसतं खाजवत बसाल. साडेसातच्या वल्ह्याला खुंटी मुठीच्या टोकापासून २५ इंचावर येईल, तिथं रबर किंवा चामडं गुंडाळा, मूठ आतल्या बाजूला ४ इंच एकमेकींवर चढतील. ते बरोबर आहे, एक हात थोडा वर एक खाली ठेवून ओढायचं. लाकूड हलकं घ्या. बाभळीचं वल्हं केलं तर मनगट जाईल, पाइन चांगलं, सरळ रेषेचं, गाठी नसलेलं.

रानफूल
मग पुढच्या जागी रुंदी कमी असणार ना, तिथं हीच वल्ही कशी चालतील?

वल्हेकरी
ताई बरोबर पकडलंत. तिथं मुठी फार चढतील. उपाय सोपा, पुढच्या खुंट्यांचे ठोकळे काठाच्या बाहेर काढायचे. जेवढा फरक त्याच्या निम्मा प्रत्येक बाजूला.

परभणी_पॅसेंजर
मध्येच बोलतो, बांधायच्या आधी जलसंपदावाल्यांना विचारलंय का? जलाशयात होडी घालायची परवानगी लागते. पैठणला तर अजून कडक, जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन विभागही आला.

सिंदफणाकाठ
अर्ज दिलाय दादा. गावात मासेमारी सोसायटी हाय, त्यांच्याशीबी बोललोय. सांडव्याच्या बाजूला जायचंच नाय हे आधीच ठरलंय, आमचं रान वरच्या अंगाला हाय.

उदगीरचा_रंधा
खिळे-स्क्रू कोणते वापरायलास? बाभळीत लोखंडी स्क्रू मारला की भोवताली काळं पडतं अन् काही दिवसांनी भोक सैल होतं. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ते उगं नाय, तोच कस लोखंडाला खातो. फळीला तरी ३०४ स्टीलचे घे.

सिंदफणाकाठ
स्टीलचेच हायेत रंधा दादा. अजून एक, फळ्यांच्या खाली डबे करावेत का? होडीत पाणी भरलं तर तरंगायला.

रानफूल
करावेतच. मागच्या आणि पुढच्या पक्क्या फळ्यांखाली बंद पेटी करा आणि आत थर्माकोल ठासा. साधारण ३६ इंच लांब, १० रुंद, ९ उंच पेटी म्हणजे जवळपास ५३ लिटर, म्हणजे ५० किलोच्या वर उचल. अशा दोन झाल्या तर होडी पाण्यानं भरली तरी धरून राहता येईल. पुढं होडी निमुळती आहे म्हणून तिथली पेटी थोडी लहान होईल, पण मागं एकटीच करू नका, नाहीतर पाणी भरल्यावर होडी नाक खाली करून उभी राहील. लाईफ जॅकेटला हा पर्याय नाही, ती घालायचीच. आईंनी पण.

वल्हेकरी
पेटीला आतून पॉलिएस्टर रेझिन लावणार असाल तर थांबा, त्यानं थर्माकोल विरघळतो. इपॉक्सी चालतं. पेट्रोल पण थर्माकोल खातं, म्हणजे उद्या कुणी मोटर लावायचा विचार केला तर तिथं कॅन ठेवू नका.

गोदामाय
पेटीला एक झाकण ठेवा रे, आत ओल धरली तर कळायला. बंद पेटीत प्लाय आतून कुजतो, बाहेरून चकाचक दिसतो.

नाथसागर_पैठण
आता पाण्यात टाकून बघा भाऊ. फळ्या पक्क्या करायच्या आधी. भाजीचे प्लास्टिक क्रेट घ्या बसायला, हलवता येतात. आईला पैल्याच दिवशी बसवू नका, युरियाच्या गोणीत वाळू भरून ठेवा मागं.

रानफूल
गोणीवर ४५ किलो लिहिलेलं असतं ते युरियाचं वजन, तेवढीच गोणी वाळूनं भरली तर कितीतरी जास्त भरेल. काट्यावर तोलून ६० करा. आणि मोजायचं असं, रिकामी होडी पाण्यात असताना काठापासून पाण्यापर्यंत पट्टीनं माप घ्या, एकदा पुढं एकदा मागं. मग माणसं बसवून परत घ्या. पुढं आणि मागं दोन्हीकडं सारखी बुडाली तर सपाट. डोळ्यानं ठरवू नका.

वल्हेकरी
मागं इंचभर जास्त बुडाली तर चांगलंच आहे, सरळ चालते. पुढं जास्त बुडालेली नको.

सिंदफणाकाठ
मंडळी, होडी पाण्यात उतरली! धरणाला पाणी बरं हाय, काठाला वारं कमी होतं तवा सकाळी सकाळी मापं घेतली. भाऊ पट्टी धरून गुडघाभर पाण्यात उभा, बापू काठावरून सूचना देत होते.

एकट्यानं बसून बघितलं, क्रेटची मागची कड ७६ वर होती तवा मागं जरा जास्त बुडायली. २ इंच पुढं घेतलं, ७४ वर, तवा मागं अर्धा-पाऊण इंच जास्त राहिलं, तेच ठेवलं. मनजे मधल्या खुंट्या ८६ वर. पाय रेटायची दांडी १०१-१०२ वर आली, तिथं बुडाच्या दोन्ही बाजूंना भोकाच्या पट्ट्या मारल्यात २-२ इंचाच्या अंतरानं, कारण भाऊ माझ्यापेक्षा बुटका हाय.

मागं ६० किलोची गोणी ठेवून मी पुढं बसलो. ४२ वर बसल्यावर जवळजवळ सपाट, ताईंचं गणित बरोबर आलं, पण वल्हवताना नाक जरा इकडं-तिकडं करायलं. ४५ वर आलो, मागं इंचभर जास्त बुडाली अन् एकदम सरळ चालली. तर पुढची फळी ४५ वर पक्की करायलो, खुंट्या ५७ वर. तिथं रुंदी ४३ भरली, मनून ठोकळे दीड-दीड इंच बाहेर काढले, ४६ झाले.

अन् हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, ४५ वर बसल्यावर पायाच्या टाचा बरोबर ७२ वर येतात, मनजे मधल्या फ्रेमच्या बुडाच्या लाकडावरच! वेगळी दांडी लागलीच नाय. मधली फळी काढून मागं पायाशी ठेवली की झालं.

वल्हेकरी
वा! पुढच्या फळीची उंची किती घेतली? तिथं काठ उचललेला असेल.

सिंदफणाकाठ
हो, तिथं काठ १८ हाय. ठोकळ्यासकट २०. मनून फळी १२ वर. तुमचं खुंटीपासून खाली मोजायचं डोक्यात बसलंय आता. मामाला १२ ऐकून जरा बरं वाटलं :)

उदगीरचा_रंधा
मामाला सांग पुढच्या फळीला मधोमध खालून एक उभा टेकू दे. १ इंची फळी एवढ्या रुंदीत मध्ये झुकती, अन् झुकली की ८ चं ९ होतं.

नाथसागर_पैठण
अन् बुडाखाली मागच्या बाजूला एक उभी फळी मारलीय का? सपाट बुडाची होडी वाऱ्यात आडवी घसरती, ती फळी असली की धरून राहती. मारली नसंल तर आत्ताच मारा, रंग द्यायच्या आधी. मारल्यावर परत एकदा मापं घ्या, पण फळ्यांच्या जागेला फार फरक पडायचा नाय.

सिंदफणाकाठ
नाय मारली अजून. किती लांब घेऊ? मागच्या फळीपासून पुढं ३ फूट पुरंल का?

नाथसागर_पैठण
३ फूट पुरतंय. मागं ४ इंच खोल ठेवा अन् पुढं निमुळती करत शून्यावर आणा, काठाला लावताना गाळात रुतायला नको. अन् बाभळीचीच करा, घासली तरी झिजणार नाय.